चौथा कोपरा

रुवीतल्या आमच्या बिल्डिंगीच्या गच्चीवरून
दोन वाकळा गेल्या.
बुधवारी, असरच्या बांगेआधी.
दोरीवर चिमटे तेवढे राहिले, आठ,
चोची मिटून.

लिफ्टशेजारी कागद लावला.
भाच्याने लिहून दिला, इंग्रजीत नि अरबीत.
त्यात वाकळेला शब्दच सापडेना.
ब्लँकेट म्हणावं तर लोक दुकानातलं समजणार,
जुनी कापडं म्हणावं तर विचारणार, मग रडतेस कशाला?
शेवटी खाली मी मराठीत लिहिलं: वाकळ.
ज्याला कळेल त्याला कळेल.

पोलीस सभ्य होता. पाणी दिलं.
किंमत विचारली.
मी गप्प बसले तेव्हा
रकान्यात शून्य घातलं
आणि त्याखाली माझी सही घेतली.

वाकळ रिकाम्या पोटी मिटू नये,
ही सासूची शिकवण.
चौथा कोपरा शिवताना आत
तांदळाचे सात दाणे सोडायचे, मग गाठ.
दापोलीत ते खुणेसाठी नव्हतं.
तिथे वाकळ कुंपणावर पडली की
अख्खा मोहल्ला सांगायचा:
ही परकारांच्या शमीमची, हिचा टाका डावखुरा.

पाच शुक्रवार वादी कबीरचा बाजार पालथा घातला.
टायर, पंखे, दार नसलेले फ्रिज,
एकेकटे बूट.
सहाव्या शुक्रवारी एका टीव्हीखाली
माझी पिवळी किनार.

दुकानदार बलुची. दाद करीम नाव.
म्हणाला, पिवळा रंग काय तुझ्या एकटीचा, बाई?
खरंच होतं.
म्हटलं, चौथा कोपरा चिमटीत धर, सात दाणे लागतील.
चौथा कुठला? चारही सारखेच.
जिथे टाके दूर दूर पडलेत तो.
दोरा संपत आला होता.

त्याने डोळे मिटले,
तसबीह ओढावी तसा अंगठा फिरवला.
पाच.
सात, मी म्हटलं.
पाचच, बाई.
मी मोजले. पाचच.
तेवीस वर्षांची धुणी, टोके, दोन बाळंतपणं,
कुणाकुणाला हिशेब विचारू?
दोन मीच खाल्ले असतील, तोंडातून गेलं,
आणि तो एवढा हसला
की हसता हसता टीव्ही उचलला.

तरी त्याचे तीन रियाल गुंतलेले.
दीडवर तुटलं.
आपलंच विकत घेताना घासाघीस कशी करायची
हे कुणी शिकवलं नव्हतं. जमली.
कुणी आणून विकली विचारलं
तर तो टायरांकडे बघत राहिला.

घरी आल्यावर वही केली.
उरलेल्या नऊ, ही धरून दहा:
लांबी वितीत, दोऱ्याचा रंग,
कुठला तुकडा कुणाचा.
प्रत्येकीच्या उलट्या बाजूला
लाल दोऱ्याने फोन नंबर घातला.
घालताना बरं वाटलं नाही.
बशीरच्या छातीवर कंपनीने असाच शिवला होता.

दुसरी अजून नाही मिळाली.
निळी.
बशीरच्या सहा कव्हरॉलांची.
लिफ्टशेजारचा कागद मी काल बदलला,
या वेळी भाच्याला न विचारता, तोडक्या हिंदीत,
म्हणजे बिल्डिंगीत सगळ्यांना वाचून दाखवता येईल:

ज्याच्याकडे असेल त्याने
मशीनमध्ये घालू नये.
गच्चीवर नको, सावलीत वाळवावी.
एसी अंगावर येत असेल तर डोक्यावरून घ्यावी,
आत घुसमटत नाही.
मधोमध ग्रीसचा डाग आहे. जात नाही.
काढायला जाऊ नये.
परत द्यायची असेल तर तिसरा मजला, ३०४,
कोण, कुठून, काही विचारणार नाही.
द्यायची नसेल तर
डावीकडची शिवण उसवत आली होती,
पांढऱ्या दोऱ्याने शिवू नका.
निळा माझ्याकडे आहे.
तेवढा न्यायला या.