साडेतीन

बोटांनी नकाशा मोठा करताय,
अजून मोठा, अजून.
नाही सापडायचा.
चला, चालत दाखवतो. गुडघे कुरकुरतात,
पण दगड जवळच आहेत.

साडेतीन हातांच्या देहाला
साडेतीन चौरस किलोमीटरचा देश.
माझा बाप माथियू केरेस जन्मला तेव्हा
मोरेस्ने एवढाच होता:
एक टेकडी, तिच्या पोटातलं जस्त कधीच उपसून झालेलं,
आणि माणशी जरा जास्तच गुत्ते.
दोन राजांचं खाणीवरून जमेना,
म्हणून मधला तुकडा कुणाचाच नाही असं ठरलं
आणि शंभर वर्षं तसंच पडून राहिलं,
भांडलेल्या भावांच्या सामाईक विहिरीसारखं.

घरची गाय
प्रशियात पाणी प्यायची, बेल्जियममध्ये शेण टाकायची,
दूध मात्र कुणाच्याच नसलेल्या बादलीत.
बादली जस्ताची. अजून गळत नाही.

मग चौदा साल. बाप नऊ वर्षांचा.
शाळेच्या भिंतीवर एका रात्रीत एकच राजा.
वीस साली बेल्जियम.
चाळीस साली पुन्हा जर्मनी, अंगावर गणवेश,
बाह्या बोटांच्या खाली येणारा.
चव्वेचाळीसला पुन्हा बेल्जियम, आणि चौकशी:
तू कोणत्या बाजूला होतास?
बाप म्हणाला, स्वयंपाकघराच्या.
तिथून सफरचंदाचं झाड दिसतं.

तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला.
पाणीच सरकत राहिलं तर
काठावरच्यानं काय करावं?

अठ्ठ्याऐंशी साली त्याचा दाखला काढायला गेलो.
कचेरीतली बाई भली होती.
जन्मदेश?
सांगितला.
तिनं यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर.
नाही हो.
म्हटलं, मग तो जन्मलाच नाही असं लिहू?
हसली. बेल्जियम लिहिलं.
मी सही केली.
ती सही अजून टोचते, नखाखाली गेलेल्या कुसळासारखी.

हे पिवळं फूल बघा. नको, तोडू नका.
जस्त असलेल्या मातीतच ते रुजतं.
मेहुणीनं हौसेनं आपल्या बागेत नेलं,
काळ्याभोर, खत घातलेल्या मातीत.
पंधरा दिवसांत मान टाकली.

एकदाच पॅरिसला गेलो, बायकोला घेऊन.
मी आपला छपरांकडे बघत उभा.
ती दंड ओढत म्हणाली, अहो, मनोरा तिकडे आहे!
तिला कसं सांगू,
ही करडी छपरं म्हणजे आमची टेकडी,
पत्रे करून लोकांच्या डोक्यावर पसरलेली.
एक कबूतर माझ्या देशावर
शांतपणे चोच घासत होतं.

हा घ्या दगड. शेवाळ आहे, जपून.
बसा त्यावर, दम खा.
तुमचा एक पाय आता तिथं आहे.
कोणता, ते मला विचारू नका.