शिक्का नसलेली चिठ्ठी

दर सोमवारी साडेआठला, फलकाच्या काचेचं कुलूप
मी केसातल्या पिनेनं उघडते.
किल्ली फादर इव्होंच्या काळात हरवली,
आणि ती हरवल्याची सूचना
याच काचेच्या आत पिवळी पडली आहे.

माझं नाव सुवार्ता.
आईनं मोठ्या आशेनं ठेवलेलं.
तेवीस वर्षं मी इथं लावते आहे
फी भरायच्या तारखा.

या आठवड्याचं असं:
बुधवारी राखेचा विधी, सकाळी सात, संध्याकाळी साडेपाच.
गेल्या वर्षीच्या सुकलेल्या झावळ्या
कार्यालयात आणून द्याव्यात.
गुरुवारी रक्तदान, उपाशी येऊ नये.
शुक्रवारी क्रुसाची वाट, मागच्या टेकडीवर,
चपला घालाव्यात, काटे आहेत.
वाणिज्यची सहल ओझरकडच्या द्राक्षबागेत;
मणी तोडून खाऊ नयेत.
सिस्टर ग्रासियांच्या बहिणीच्या आत्म्यास शांती लाभो.
दुशिंगसरांना जुळ्या मुली.

प्रत्येक कागदावर कुलसचिवांचा जांभळा शिक्का.
शिक्क्याशिवाय काही लावू नये, हा नियमही
शिक्का मारूनच लावलेला.

आणि या सगळ्याच्या खाली, सहलीच्या कागदाला बिलगून,
वहीचं अर्धं पान:
‘हरवले आहे. नखाएवढे मेमरी कार्ड.
त्यात आईचा आवाज आहे, चार मिनिटं.
दुसरं काही नाही.
हिरामण गावित, सुरगाणा. वसतिगृह ब, खोली अकरा.’

बंद काचेआड हे आलं कसं, मी विचारलं नाही.
पिना काय, कुणाकडेही असतात.
काढायला हात नेला,
तेवढ्यात देवळालीकडून तोफांच्या सरावाचा दणका आला,
काच थरथरली,
आणि मी उगाच
त्याला आणखी एक टाचणी मारली.
कुलूप त्या दिवसापासून नुसतं अडकवलं.

मंगळवारी, पेन्सिलीनं:
‘ग्रंथालयात तिसऱ्या टेबलाखाली पाहिलं. नाही.’
हिरव्या शाईत, म्हणजे लोबोबाई:
‘प्रयोगशाळेतल्या बेसिनची जाळी उघडून पाहिली.’
मेसचे अंतोनकाका, तेलाच्या अंगठ्यासकट:
‘तांदूळ दोनदा निवडला.’
‘मला एक सापडलंय,
पण त्यात कुणाच्यातरी हळदीचे फोटो आहेत.’
पान भरलं.
मी कार्यालयातला एक कोरा कागद खाली जोडला,
कुणाला न विचारता.

बुधवारी कपाळाला राख लावलेली माणसं
चॅपेलमधून थेट इथं येऊन उभी.
काचेत त्यांची कपाळं,
आणि कपाळांवरून सरकत गेलेल्या ओळी.

शुक्रवारी टेकडीवर
फादर वाचत होते: तिसरं स्थान,
येशू पहिल्यांदा पडतो.
सगळ्यांनी गुडघे टेकले,
आणि पोरं बोटांनी धूळ चाळत राहिली.
फादरांनी चष्म्यावरून पाहिलं.
चौथं स्थान
जरा उशिरानं सुरू झालं.

सोमवारी मी जुने कागद उतरवले.
झावळ्या, रक्त, सहल.
कुलसचिव मागे येऊन उभे. ‘हे काय?’
म्हटलं, सर, परिवार-वार्ता.
त्यांनी खिसे चाचपले.
शिक्का वर राहिला होता, किंवा तसं म्हणाले,
आणि गेले.

तळाशी हिरामणचीच ओळ होती, ताजी:
‘सापडलं नाही.
पण टाकीमागे आता कुणी उतरू नका,
शेवाळ आहे, पडाल.’

टाकीमागे मात्र एक किल्ली सापडली.
गंजलेली. कुलपात बसते.
मी ती ड्रॉवरमध्ये, दोऱ्यांच्या डबीत टाकून ठेवली.

तो पोरगा येता-जाता थांबतो, वाचतो.
आई काय बोलली होती त्या चार मिनिटांत,
मी विचारलं नाही.
एकदा आपणहूनच म्हणाला,
‘तशी ती त्यात
बहुतेक वेळ
शेळीवरच ओरडतेय, मॅडम.’