बिस्केचा ओरखडा

शनिवारी ग्दीन्यात ट्रॉलीबस अर्ध्याच धावतात,
म्हणून मला सुट्टी.
लिफ्ट बंद. चार जिने चढून गेलो,
खांद्याला रिकामी पिशवी, खिशात भिंग,
आणि चेहऱ्यावर 'फारशी गरज नाही' असा भाव,
वीस वर्षं घासून गुळगुळीत केलेला.

ओतिलियाबाईंनी साखळी न काढताच विचारलं,
"तबकड्यांचे ना? बूट बाहेर."
मग आत घेऊन नवऱ्याच्या सपाता दिल्या.
दोन नंबर मोठ्या.

खोकी दोन.
मी पलंगाखालच्याकडे वाकलो. जाणत्याला वास येतो.
जाड पुठ्ठा, कण्यावरची अक्षरं शाबूत,
निळा धूर, घामेजलेलं कपाळ, ट्रम्पेट.
सगळा जॅझ, साठच्या अलीकडचा-पलीकडचा.
एकेक तबकडी उजेडात तिरकी धरली:
काळंभोर थांबलेलं पाणी, एक चरा नाही.
मधल्या पट्टीवर कोरलेले आकडे नखाने चाचपले
आणि कानशिलं तापली.
भाव विचारताना आवाज मुद्दाम पाडला.

"त्या तेओफिलने कधी लावल्या नाहीत," बाई म्हणाल्या.
"त्या विकायच्या. हँबुर्गहून आणायचा,
पिठाच्या पोत्यातून, कस्टमच्या नाकाखालून.
एकीत महिन्याचा कोळसा यायचा आम्हाला.
ह्या उरल्या, कारण गिऱ्हाईकच पळालं.
होडीतून, स्वीडनला म्हणे.
ऐकायच्या त्या तिकडे."

खिडकीशी दुसरं खोकं.
नारिंगी झग्यातल्या बायका, पेल्यात चेरी,
ताडाची झाडं, चाळीस व्हायोलिनं, चांदण्यातला चा-चा-चा.
असल्यांवरून मी जन्मभर बोट फिरवत पुढे गेलोय,
लग्नघरात उसनं मागणाऱ्या नातेवाइकावरून
नजर फिरवावी तसा.
कडा उसवलेल्या, चिकटपट्टी पिवळी पडलेली,
आणि प्रत्येक कव्हरवर
पिठाचा एक अंगठा.

तेओफिल जहाजावर स्वयंपाकी होता.
भटारखान्यात ओल्या फडक्यावर रेकॉर्डप्लेअर,
शेजारी कांद्यांचं पोतं.
समुद्र उभा राहिलेला असताना
वीस किलो कांदा चिरणाऱ्या माणसाला
सॅक्सोफोनचे प्रश्न नको असतात.
त्याला कोणीतरी सांगायला हवं असतं
की सगळं ठीक आहे,
चाळीस जणांनी मिळून, व्हायोलिनवर.

बाईंनी एक लावली.
तिसऱ्या गाण्यात सुई ठेचकाळली, दोन ओळी ओलांडून पलीकडे पडली,
आणि बाई खिडकीबाहेर बघत
खणखणीत ओरडल्या, "सूप!"

मी दचकलो.
"बिस्केचा उपसागर," त्या म्हणाल्या. "एकोणसत्तर, नोव्हेंबर.
लाट आली, सुई उडाली,
आणि बीटाचं अख्खं पातेलं इंजिनियरच्या मांडीवर.
मग घरी लावली की ह्या जागी तो ओरडायचा.
आता कोणीतरी ओरडायला हवंच ना."

जॅझचे पैसे मोजले. कमीच मोजले,
इथे लिहितोय म्हणजे अजून सलतंय.
पन्नासाचे सुट्टे त्यांच्याकडे नव्हते,
बदल्यात त्यांनी नारिंगी झगा माझ्या पिशवीत सरकवला.
"मला पाठ आहे ती," म्हणाल्या. "ओरखड्यासकट."

घरी जॅझ लावला. तो थोरच आहे.
ताठ बसून ऐकला, परीक्षेला बसल्यासारखा.
दुसरी तबकडी आठवडाभर पिशवीतच होती.
मग एका रात्री बटाटे सोलताना लावली.
मग रोजच.
अंगठा अजून पुसलेला नाही.

परवा दाताच्या डॉक्टरांकडे
छतातल्या भोकाभोकांच्या पेटीतून
तेच गाणं आलं, तीच तिसरी चाल.
खुर्चीत आडवा होतो, जबडा बधिर,
तोंडात कापसाचे बोळे.
जागा जवळ येत गेली. मी हात घट्ट धरले.
आणि व्हायोलिनं सरळ चालत गेली,
जिथे मी कधी गेलोच नव्हतो
अशा दोन ओळींतून.
समुद्र सपाट. कोणाला काही झालं नाही.

कापसातून जमेल तेवढं
मी म्हणालो, "हूप."
डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवून विचारलं,
"दुखलं का?"