सुर्ल्याचा आकडा

शाळेच्या गच्चीवर हवा मोजायची पेटी बसवली
तेव्हापासून यसो गावस रोज तिच्याशी बोलतो.
आषाढात ती गप्पच. काचेवर शेवाळ,
आकडा सहा, सात, फार तर नऊ.
यसो तिला छत्री धरतो, उगाच.

मार्गशीर्षात कानटोपी.
दरीतलं धुकं अंगणापर्यंत येऊन थांबतं,
आणि त्याच्या आडून चोर्ल्याचे ट्रक
डिझेल खोकत घाट चढतात.
अठ्ठेचाळीस. त्रेपन्न.

फाल्गुनात काजूखालचा पाला पेटतो.
डोंगर दुपारीच दिसेनासा होतो.
यसो वहीत लिहितो: एकशे बारा.
मग पेन्सिल थांबते, खोडतो.

वाऱ्यात भावाच्या भट्टीचा धूरही होता आज,
पहिल्या हुर्राकाचा.
तो वाईट हवेत
कसा धरायचा?