सत्तावनपैकी तीन

सारेमा बेटावर नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
हेल्वेनं मधपेट्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिलाय:
कुठली राणी कितव्या वर्षात,
कुठल्या पेटीला साखर द्यायची.
एवढंच.

म्हाताऱ्या एंडेलनं तो उतरवून घेतला
तर पडद्यावर लाल पट्टी:
धोका. फाइल विलग केली आहे.
त्यानं फोन केला. हवेबद्दल बोलला,
मग बोटीबद्दल,
मग चाचरत, "तुझं सगळं ठीक ना?"

तिनं तपासून घेतलं.
चोपन्न पहारेकरी म्हणाले, निर्मळ.
तीन म्हणाले, संशयित.
कारण, फारसं कुणी ओळखत नाही हिला.
पेटीच्या दाराशी माश्याही
वास घेऊनच आत सोडतात,
तिला कोण सांगणार!

अर्जात ती लिहिते: मी निरपराध आहे.
खोडते.
फाइल निरपराध आहे.
अकराव्या दिवशी बिननावाचं उत्तर:
चूक दुरुस्त केली.

त्याच रात्री तिला दिसतं
'राणी' या शब्दातलंच एक अक्षर चुकलेलं.
सुधारलं तर फाइल नवी,
पुन्हा अनोळखी.
बराच वेळ ती अक्षराकडे बघत बसते.

सुधारते.
मग एंडेलला फोन लावते
आणि हवेबद्दल बोलू लागते.