बारा की चौदा

फ्रीसलँडची थंडी. वीबेच्या शेडमध्ये
टेबलावर दोन डबे उघडे:
बारा मिलिमीटरचे सव्वीस स्टड, चौदाचे सव्वीस.

"जाडच घे," सीत्स्के म्हणते.
"पाच बार बूस्ट आहे, बाबा. गेल्या खेपेला हेड उचललं,
पाणी टाकीबाहेर उसळलं,
अख्ख्या मैदानानं पाहिलं."

वीबे जुना बोल्ट बोटांत फिरवतो.
मधोमध बारीक झालाय,
ओझ्यानं लांबलेल्या पिशवीच्या बंदासारखा.

चौदाला ब्लॉक खोदावा लागेल.
भोकापासून पाण्याची वाट नखाएवढी दूर,
आणि खोदलेलं परत भरत नाही.

"मग पोलाद तरी सगळ्यात कडक?"
"नुसतं कडक तुटतं गं.
थोडं ताणलं पाहिजे,
आणि ताणलेलंच राहिलं पाहिजे."

ती त्याच्या उजव्या हाताकडे बघते.
हल्ली तो खांद्याच्या वर जात नाही.

बाराचा डबा.
स्टड नुसत्या बोटांनी, तळाला टेकेपर्यंत.
वॉशर, वंगण, नट. मधून बाहेर, तीन फेऱ्या.
तिसऱ्या फेरीला तो पाना तिच्याकडे देतो,
काही न बोलता.

टक्.

"अजून थोडं?"
"टक् म्हणाला ना तो.
पुढचा घे."