जांभळे

त्या गावाचं नाव सांगणार नाही. शब्द दिलाय.
काल्यारीहून बसने अडीच तास, मग पायी चढण,
दोन्ही बाजूंना कॉर्कची झाडं,
साल सोललेले लालभडक बुंधे.

त्या घराला गावाने नाव पाडलेलं : जांभळे.
कुणी नुसता दंड धरला तरी
बोटांचे ठसे आठवडाभर राहायचे.
ऊन लागलं, घोळणा फुटला. शिंक आली, घोळणा फुटला.
न्हावी त्यांची दाढी करायला तयार नसे.
"आमच्यात असतंच," तोमासीना म्हणाली
आणि माझ्यापुढे चीजचा तुकडा सरकवला,
जशी मी पाहुणी,
सुया घेऊन आलेली नाहीच.

एकतीस वर्षांची होते.
वंशावळ काढायचे : बाई म्हणजे वर्तुळ, बाप्या म्हणजे चौकोन,
गेलेल्यावर तिरकी रेघ.
चर्चच्या वह्यांतून पाच पिढ्या उतरवल्या,
कागदाला कागद चिकटवत गेले,
पलंगावरून कागद जमिनीवर उतरला.
चौतीस, एकोणतीस, एक्केचाळीस.
वहीत कारण लिहिलेलं : ताप. अशक्तपणा.
एकदा, वेगळ्या शाईत : दृष्ट.

अंतिओकोला ल्युकेमिया झाला तेव्हा
गाविनोची अस्थिमज्जा जुळली, सहापैकी सहा.
सख्खा भाऊ.
मीच म्हणाले, आता घोर नको.
अकरा महिने बरे गेले, त्याने द्राक्षंही तोडली त्या वर्षी.
मग आजार परतला.
मी फिल्मवरच्या पट्ट्या उजेडाला धरल्या.
पुन्हा धरल्या.
बिघडलेल्या पेशी अंतिओकोच्या नव्हत्या.
गाविनोच्या होत्या.

आणि गाविनो धडधाकट, डोंगरावर शेळ्या राखत होता.

पेपरात मी लिहिलं : दुर्मीळ घटना.
घरी काही लिहून कळवलं नाही.

पुढल्या फेर्रागोस्तोला फ्रीझर बंद पडला.
सगळं शहर समुद्रावर, चार दिवस, अडतीस अंश.
सतरा ऑगस्टला आले तर दारातच थारोळं.
रक्ताचं पाणी होणं म्हणतात,
ते मी डोळ्यांनी पाहिलंय,
दोन बादल्या भरून पुसलंय.

पुन्हा ती बस. तोमासीनाने बाही वर केली.
"परत?"
मी म्हणाले, सांडलं.
"दूध सांडतं," ती म्हणाली.
आणि हात पुढे केला.

सापडायला अजून बारा वर्षं.
तीनशे कोटी अक्षरांत एक,
एकविसाव्या गुणसूत्रावर.
ऱ्हस्वाचं दीर्घ व्हावं, एवढंच.
पेपरावर चौदा जणांची नावं, माझं शेवटचं,
म्हणजे मानाचं.
जांभळे त्यात कुठेच नाहीत. नियमच आहे तसा.
तोमासीना त्याआधीच्या हिवाळ्यात गेली.
तिच्या वर्तुळावर रेघ मी पट्टी न घेता मारली, वाकडी आली.

गाविनोला सांगायला मी स्वतः गेले.
तुझ्यातही आहे, म्हणाले. आणि मग ते दुसरं.
तो शेळीच्या खुरातला काटा काढत होता,
काढत राहिला.
"म्हणजे त्याला माझंच लागलं."
मी म्हणाले, तुझं नव्हे रे, ते अक्षर
तुमच्या पणज्याच्याही आधीचं,
आणि हो म्हणणारी तर मी होते.
शेळीने पाय ओढून घेतला.
त्याने तो पुन्हा धरला.

आता दवाखान्यात एका ओळीचा नियम आहे :
दाता घरातला असेल तर आधी ते अक्षर पाहा.
तळटीप नाही, नावं नाहीत.
शुक्रवारी मला किल्ल्या परत करायच्या आहेत.

गाविनो त्रेसष्ट वर्षांचा आहे.
सहा महिन्यांनी येतो, पिशवीत चीज,
बाही आधीच वर केलेली.
नमुना मीच घेते, अजून.
मग कापसाचा बोळा दाबून धरते.
इतरांना दोन मिनिटं पुरतात.
त्याला दहा लागतात.
आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसतो.